गाऱ्हाणं

त्या सकाळी चूळ भरायला गेले आणि पाणी ओठांच्या डाव्या कोपऱ्यातून आपोआप ओघळलं. आरशात पाहिलं, तर अर्धा चेहरा खाली उतरलेला. डावा डोळा मिटेना, हसू उमटेना. डॉक्टर म्हणाले, चेहऱ्याची नस सुजली आहे, बहुधा बरी होईल, कधी ते सांगता येत नाही. मी अभिनेत्री. एका मालिकेतली आई म्हणून घराघरांत लोक मला ओळखतात. निर्मात्याने काही आठवडे थांबायचं कबूल केलं होतं. त्यानंतर ती आई दुसरी कुणीतरी होणार होती. हा चेहरा गेला तर मी कोण, या प्रश्नाने माझी झोप उडाली.

कोकणातल्या मिठबावजवळच्या आमच्या गावाहून काकीचा फोन आला. "ये गो बाय. देवळात गाराणा घालूया." जावंसं वाटत नव्हतं. सेटवर मी इतक्या वेळा देवापुढे पदर पसरला होता, डोळ्यांत पाणी आणलं होतं, की खरोखरची प्रार्थनाही मला अभिनयच वाटू लागली होती. तरी गेले, ती ओढणीने तोंड झाकूनच.

ग्रामदेवतेपुढे गावकरी जमले होते. मानकऱ्यांनी नारळ हातात घेऊन खड्या आवाजात गाऱ्हाणं सुरू केलं, "बा देवा म्हाराजा, ही तुझी माहेरवाशीण तुझ्या पायाकडे इली आसा. तिका जा काय दुखणा इला आसा, ता दूर कर रे म्हाराजा!" सगळा सभामंडप एका आवाजात म्हणाला, "व्हय म्हाराजा!" त्यातल्या निम्म्यांना मी ओळखतही नव्हते. माझ्यासाठी ती माणसं मागत होती, आणि मला म्हणायला एकही वाक्य नव्हतं. मी नुसती उभी होते. कितीतरी वर्षांनी मी देवापुढे काहीही न करता उभी होते.

मग पंगत बसली. चारचौघांत जेवायचं मी टाळत असे, कारण घास तोंडात ठरत नसे. पान तसंच ठेवून बसले. शेजारी कोळीवाड्यातली एक वयस्कर बाई होती. तिने विचारलं, "जेवणस नाय काय गो?"

"भूक नाही," मी म्हटलं. शब्द बोबडे आले.

तिने माझ्याकडे नीट पाहिलं आणि आपल्या नवऱ्याचं सांगितलं. "माझ्या घोवाचा तोंड असाच वाकडा झाला होता. त्याका मी भरवलंय. लाजूचा काय त्याच्यात?" मग थोडं हसून म्हणाली, "तुझी सिरेल मी रोज बघतंय. म्हणान काय उपाशी ऱ्हवतलंस?" तिने भात कालवला, लहान घास माझ्या उजव्या गालात ठेवला आणि ओघळलेली आमटी आपल्या पदराने पुसली. इतक्या सहज, की आजूबाजूच्या कुणी मान वर करून पाहिलंही नाही. माझी ओढणी खांद्यावर कधी घसरली, कळलं नाही. मी पोटभर जेवले.

त्या दुपारी मीच निर्मात्याला फोन केला. म्हटलं, माझ्यासाठी थांबू नका. फोन ठेवल्यावर अंगणात काकीच्या चटईवर मला गाढ झोप लागली.

चेहरा हळूहळू सावरला. औषधाने, व्यायामाने की त्या गाऱ्हाण्याने, ते मी ठरवत नाही. भूमिका गेली ती गेलीच. हसताना डावा डोळा अजून जरा बारीक होतो. नाटकात एक लहान भूमिका मिळाली, तेव्हा दिग्दर्शकाने तुमची उजवी बाजू प्रेक्षकांकडे ठेवू या, असं सुचवलं. मी म्हटलं, "जशी आहे तशी उभी राहते."

पूर्वी मी देवाकडे नेमकं काय हवं ते सांगत असे. आता सांगत नाही. मागून मिळालेली भूमिका हातची गेली आणि जे मागायचं मला सुचलंही नसतं, ते एका अनोळखी बाईने माझ्या तोंडात घास म्हणून ठेवलं. ते देणाऱ्यापुढे मी रोज हात जोडते, आणि गप्प राहते.