जुना पासवर्ड

मंगळवार, १२ नोव्हेंबर २०२४. कडक थंडी. हॅलिफॅक्सला बर्नडेटच्या हृदयाची शस्त्रक्रिया, दुपारी. आत नेण्याआधी ती व्हिडिओवर बोलणार. सकाळी कॉलेजच्या सूचनेप्रमाणे वायफायचा पासवर्ड बदलला. तेव्हापासून फोन जोडला जात नाही.

एवढं लिहून थिओडोरा गिलिसने वही मिटली. कॅनडातल्या केप ब्रेटन बेटावरच्या त्या दगडी इमारतीत कॉलेजचे निवृत्त लोक राहत. भिंती इतक्या जाड की मोबाइलला रेंज नाही. सगळी भिस्त वायफायवर. धाकट्या बहिणीचा, बर्नडेटचा, चेहरा आज दिसला नाही तर कदाचित...

कॉलेजच्या संगणक मदतकक्षातली रोना बुधरो वर आली होती. तिने फोनमधलं जुनं नेटवर्क पुसलं, नवा पासवर्ड घातला.

"नेटवर्कच्या प्रमाणपत्रावर विश्वास आहे का विचारतंय. हो म्हणा."

थिओडोराने हो म्हटलं. चक्र फिरत राहिलं आणि थांबलं. खातं बंद.

"परत?"

"परत. कुणीतरी तुमच्या नावाने जुना पासवर्ड सारखा टाकतंय, मिसेस गिलिस. चुका साठल्या की खात्याला आपोआप कुलूप लागतं. दुसरं काही जोडलंय?"

"माझ्याकडे एकच फोन आहे."

रोनाने आपल्या लॅपटॉपवर पाहिलं. "मग या खोलीत दुसरं कोण आहे?"

थिओडोराची नजर कपाटाकडे गेली. तिने आतून एक टॅबलेट काढून रोनाला दिला.

"आल्पीनचा, माझ्या नवऱ्याचा. तो गेल्यावर कॉलेजने त्याचं खातं बंद केलं. मग मी त्यात माझं घातलं."

"गेलेल्या माणसाला वायफाय कशाला हो?" रोना बोलून गेली आणि ओशाळली.

"पत्त्यांचा डाव अर्धा राहिलाय त्याचा. जोडणी तुटली तर डाव जाईल, असं वाटलं मला."

"डाव नाही जात. नुसतं वायफाय बंद करू. कुठे असतं बघते, जुनाच आहे हा..."

"बघत बसायला वेळ आहे का?" थिओडोराने टॅबलेट हिसकावून घेतला आणि पडदा काळा होईपर्यंत बटण दाबून धरलं.

रोनाने खातं उघडलं. फोन जोडला गेला आणि लगेच वाजला. पडद्यावर बर्नडेट.

"कुठे उलथली होतीस गं? पलंग ढकलायला माणूस उभा आहे माझ्या डोक्याशी!"

"आल्पीनने अडवलं होतं."

"मेला तरी सुधारला नाही तो."

"दात काढून ठेवलेस ना?"

"काढले म्हणून तर बोबडं बोलतेय, बावळट! थिओ, तू..."

पलंग हलला. पडद्यावर नुसतं छत सरकत गेलं.

अंधार पडेपर्यंत ती फोन मांडीवर घेऊन बसली. मग शेगडीवर सूप चढवलं आणि पुन्हा फोनपाशी येऊन बसली. अखेर भाच्याचा निरोप आला: आटोपलं, मावशी. आई अजून शुद्धीवर नाही, पण ठोके नीट आहेत.

तिने वही उघडून निरोप उतरवला. खाली लिहिलं: सूप उतू गेलं. शेगडी पुसून घेतली.