चार नंबरच्या खोलीतला दिवा

आता तुमच्यापासून काय लपवायचं! सांगतो सगळं. फक्त हसायचं असेल तर कप खाली ठेवून हसा.

माझ्या पुतण्याचं, विलासचं, परभणीत स्टेशनजवळ छोटंसं हॉटेल आहे. जन्मभर कारकुनी केलेल्या माणसाला निवृत्तीनंतर सल्ले द्यायला कुणीतरी लागतं. मला विलास मिळाला. एकदा मी त्याला म्हणालो, "ज्यांना ऐकू येत नाही, त्यांच्यासाठी एक खोली कर. त्यांच्या दारावर बेल वाजवून काय उपयोग? बाहेर बटण दाबलं की आत दिवा लुकलुकला पाहिजे."

"काका, मग तुमीच करा की!"

केली! वायरमनला बोलावलं. चार नंबरच्या खोलीत पलंगासमोर दिवा, बाहेर बटण. मी आत बसलो, विलासनं बटण दाबलं, दिवा लुकलुकला. धरण बांधल्याचा आनंद झाला मला! दिव्याचा अर्थ पाहुण्यांना कळावा म्हणून नऊ कलमांचा सूचनाफलक लिहून खिळ्याला टांगला. आता म्हणाल, सोबतच्या माणसांना नुसतं सांगायचं होतं. अहो, तोंडी सांगणं आमच्या रक्तातच नाही!

पहिल्या पाहुण्या आल्या पालमच्या कौसाबाई. नातीच्या लग्नाला. कान पार गेलेले, जीभ मात्र शाबूत. सकाळी वऱ्हाड मंगल कार्यालयात गेलं. गर्दीत बसवत नाही म्हणून आजी खोलीवरच थांबल्या. मुहूर्त साडेबाराचा. साडेअकराला त्यांचा मुलगा गंगाधर जीप घेऊन न्यायला आला.

"लवकर बलवा मायला. पोरगी आडून बसलीय, आजी आल्याबिगर हार घालायची न्हाई म्हनायली!"

मी रुबाबात बटण दाबलं. दारावरच्या धुरकट काचेतून दिव्याची तेवढी उघडझाप दिसली. म्हटलं, बघा आता!

दार उघडेना.

पुन्हा दाबलं. मग दाबतच राहिलो. आणि एकाएकी दिवा गेला. आतल्या पंख्याची घरघरही थांबली. गंगाधरचा चेहरा पांढराफटक.

"काका, पंखाबी थांबला! माय बरी हाय ना आत?"

आता मला सांगा, पंखा बंद करायला आत धडधाकट माणूस लागतं की नाही? पण एवढं विलास धरून आम्हा तिघांपैकी एकाच्याही डोक्यात येऊ नये? विलास घामाघूम. मी बटणावर बोट ठेवून देवाचं नाव घेतोय. घड्याळात पावणेबारा. आतून कडी. शेवटी गंगाधरनं दाराला खांद्यानं धडक दिली, धाडकन कडी निखळली आणि आम्ही तिघं एकमेकांच्या अंगावर आत पडलो.

समोर कौसाबाई. इरकल नेसून, पिशवी मांडीवर घेऊन, दाराकडं तोंड करून खुर्चीत बसलेल्या.

"आगं बया! दार कशापायी मोडलं रं गंग्या? कवाची तयार होऊन बसलेय मी!"

गंगाधरनं दिव्याकडं बोट दाखवलं.

"त्ये व्हय? लाइट लय ये-जा करायली व्हती. म्हनलं, पंखा जळंल लोकाचा. सगळी बटनं मीच बंद केली."

घ्या! दिवा लुकलुकला म्हणजे दारात कुणी आलंय, हे कुठल्याशा मोठ्या शहरात समजत असेल. आमच्या जिल्ह्यात दिवा लुकलुकला की दार उघडत नाहीत. व्होल्टेज गेलं म्हणतात आणि बटणं बंद करतात. मीही घरी हेच करतो! आणि माझा फलक? तो पलंगाखाली होता. खोलीत खिळा तेवढा एकच. आजींनी त्याला ओला टॉवेल वाळत घातला होता.

मी हात जोडले. आजींनी काय समजून घेतलं कोण जाणे, पण माझा दंड धरून मलाही जीपमध्ये कोंबलं. "चला भाऊ, जेवूनच जा!" मुहूर्ताला दहा मिनिटं असताना पोहोचलो. आजी दिसल्यावर नवरी हसली आणि तिनं हार उचलला.

पंगतीत गंगाधरनं एका कागदावर आईला सगळा प्रकार लिहून दाखवला. दिव्याचा अर्थ, मोडलेली कडी, आणि ही कल्पना काढणारे हे निवृत्त कारकून. आजींनी कागद लांब धरून वाचला. मग माझ्याकडं बघून भर पंगतीत, कान गेलेल्या माणसाच्या खणखणीत आवाजात म्हणाल्या, "जलमभर कागूदच सरकवले म्हना की तुमी! मग एक दाराखालून सरकवायचा व्हता. दाराकडंच बघत बसले व्हते मी!"