पिवळी पानं

गिरीज गावातल्या आमच्या वाडीत केळी आणि भाजी बाबांची, पण विहिरीजवळचे हळदीचे वाफे आईचे. तिथे कोणी लुडबुड केलेली तिला खपत नसे. बेणं तिने लग्नात माहेरहून आणलेलं. "लोक हुंडा आनतात, हिने गड्डे आनले," असं बाबा चिडवायचे. पण कोणाचा पाय मुरगळला, कोणी बाळंत झाली, की आळीतल्या बायका दुकानाकडे न जाता आमच्या दारात यायच्या. आईच्या हळदीला कस होता.

तो कस नुसता मातीचा नव्हे, काढणीच्या वेळेचाही. पानं हिरवी असताना खणली तर कंदात नुसतं पाणी, वाळवल्यावर हाती फारसं उरत नाही. पानं गळून गेल्यावर जमिनीत राहू दिली तर कोंब फुटतात आणि सगळा जोर त्यांच्यात जातो. पानं पिवळी पडून माना टाकू लागली की खणायचं, हा वाडीचा रिवाज. साधारण माघात ते व्हायचं, पण आई तिथी बघत नसे, पान बघायची.

मी कॉलेजात होते त्या वर्षी दिवाळी सरली आणि पानं पिवळी पडू लागली. बाबा म्हणाले, "इतक्यात?"

"पान सांगते ना," आई म्हणाली. "उशीर झाला तर कोंब येतील."

आम्ही खणलं. कंद बोटाएवढेही भरले नव्हते. नुसत्या नखाने साल सुटत होती, आणि मोडून पाहिलं तर आत फिकट, लिंबाच्या सालीसारखा रंग. आईने तरी ती हळद शिजवून अंगणात वाळत घातली. आठवड्याभरात तिच्या सुरकुतलेल्या काड्या झाल्या. आई मूठभर उचलायची, हुंगायची आणि परत टाकायची. मला ते बघवत नव्हतं.

मग बाबांनी विहिरीचं पाणी चाखून पाहिलं. ते मचूळ लागलं. आसपासच्या वाड्यांतून दिवसभर टँकर भरून विरारच्या नव्या इमारतींकडे जात होते, आणि गोडं पाणी उपसलं गेलं तसं समुद्राचं खारं आत सरकलं होतं. पान पिकलं नव्हतं, करपलं होतं. आधी कडा जळल्या होत्या, हे आईला तेव्हा आठवलं. इतकी वर्षं पानाने तिला कधी फसवलं नव्हतं, मग तिने कडा कशाला निरखाव्यात? त्या फ्लॅटमधल्या माणसांनाही प्यायला पाणी हवंच होतं, हे आज मला कळतं. तेव्हा मात्र टँकर दिसला की माझ्या तोंडून शिवी यायची.

हळद गेली ती गेली. आईचा जीव अडकला होता बेण्यात. दरवर्षीसारखे शिजवण्याआधीच तिने काढणीतले बरे गड्डे निवडून आंब्याच्या सावलीत खड्ड्यात ठेवले होते, वर पाला आणि माती टाकली होती. कोवळा गड्डा टिकत नाही, हे तिला माहीत होतं. तरी येताजाता ती त्या मातीवर हात ठेवून बघायची.

वैशाखात खड्डा उघडला. वरचे गड्डे कुजलेले, खालचेही कुजलेले. आईने कोपरापर्यंत हात घालून तळ चाचपला. हाताला नुसता काळा लगदा आला. माहेरी मागावं, तर तिथली वाडी विकून इमारत उभी राहिली होती.

"बाजारातून दुसरं बेनं आनू," बाबा म्हणाले.

"आनि पानी कुठून आनायचं?"

आई हातांनीच खड्ड्यात माती लोटू लागली, आणि लोटता लोटता मोठ्याने रडू लागली. शेजारच्या वाडीतल्या बायका हातातलं काम टाकून धावत आल्या. कोण गेलं, म्हणून मला विचारू लागल्या. कोणी गेलं नाही, असं मला त्यांना सांगताच येईना.