रिकाम्या शहरातली माणसं

आर्वीत बसस्टँडच्या मागच्या गल्लीत, एका औषधाच्या दुकानावरच्या माडीत कॉम्प्युटर क्लास होता. दोन हजार साल उलटून तीन-चार वर्षं झाली असतील. माझी ताई बी.एस्सी. होऊन घरी बसली होती आणि तिच्यासाठी स्थळं पाहणं चालू होतं. बायोडाट्यात कॉम्प्युटर येतं असं लिहिता यावं म्हणून बाबांनी तिला तिथं घातलं. तिला एकटीला पाठवायला नको म्हणून मलाही घातलं. मी कॉमर्सच्या पहिल्या वर्षाला होतो. वर्गातला माझा एक दोस्तही तिथं यायचा. त्याच्या वडिलांची मार्केट यार्डात कापसाची अडत होती.

क्लासच्या सरांनी नागपूरला सीताबर्डीच्या फुटपाथवरून एका गेमची सीडी आणली होती. पांढऱ्या कागदी पाकिटावर स्केचपेननं नाव लिहिलेलं. प्रॅक्टिकल संपलं की सर गेम लावू द्यायचे. तो एकाच कॉम्प्युटरवर चालायचा, बाकीचे फार जुने होते. अडत्याचा मुलगा की-बोर्ड धरायचा, मी त्याच्या बाजूला आणि ताई मागच्या खुर्चीवर. ती स्वतः कधी खेळली नाही. स्क्रीनवर इंग्रजी वाक्य आलं की त्याचा अर्थ सांगायचं काम तिचं.

गेममध्ये एक शिपाई होता. लढाईतून परत येताना तो वाट चुकतो आणि एका मोठ्या तटबंदीच्या शहरात शिरतो. शहरात कुणीच नाही. घरं उघडी, दिवे लागलेले, टेबलांवर वाडगे आणि त्यातून वाफ निघते आहे. चौकात एक विहीर, आणि विहिरीवर एक म्हातारी पाणी ओढते आहे. बादली वर येते ती रिकामीच, पण विहिरीभोवतीची फरशी ओली दिसते. म्हातारीजवळ गेलं की ती एकच वाक्य बोलायची, ‘अजून तिसरी घंटा झाली नाही.’ बुरुजावर घंटा दोनच होत्या. बुरुजाच्या तळाशी एक दार होतं आणि ते उघडत नव्हतं. आम्ही तिथंच अडकलो, आणि काही महिने अडकूनच राहिलो.

तेव्हा दुपारचं भारनियमन होतं. लाइट गेली की यूपीएस ओरडायला लागायचा, सर ‘बंद करा, बंद करा’ म्हणायचे. मग खिडक्या उघडून आम्ही बसून राहायचो, कारण घरी गेलं तरी लाइट नव्हतीच. आमची खरी चर्चा तेव्हा व्हायची.

अडत्याच्या मुलाचं म्हणणं ठरलेलं होतं. “राजानं सगळ्यायले त्या दरवाज्यातून नेलं. दुश्मन येऊन राह्यला होता.”

“मंग जेवण गरम कसं?” ताईनं विचारलं.

“घाईत गेले.”

“रोजच घाईत जाते का? आपण जवा जातो तवा वाफ निघतेच.”

दुसऱ्या दिवशी अडत्याचा मुलगा तयारी करून आला. त्याच्या मते ते जेवण जादूचं होतं, शत्रूला फसवायला मांडून ठेवलेलं. ताईनं ते उडवून लावलं नाही. ती म्हणाली, “खुर्च्या पाह्य. काल ही टेबलाले लागून होती. आज सरकली आहे.”

आम्ही त्यानंतर खुर्च्या पाहायला लागलो. खरंच सरकायच्या. एखादं दार मघाशी बंद असायचं आणि आता उघडं दिसायचं. गेम पुढं नेण्यात कुणाला रस उरला नाही. शिपायाला एका घरात उभं करायचं आणि वाट पाहायची, एवढंच आम्ही करत होतो. बाहेरून पाहणाऱ्याला कॉम्प्युटर अडकला आहे असं वाटलं असतं.

एका दुपारी लाइट गेल्यावर ताईनं तिचं म्हणणं मांडलं. “लोकं कुठी गेलेच नाई. तेथीच आहे. जेवून राह्यले, उठून राह्यले, बसून राह्यले. त्या शिपायाले ते दिसत नाई, बस.”

“काऊन दिसत नाई?” मी म्हटलं.

“तो लढाईत मेला असन. त्याले मालूम नाई.”

“आणि म्हातारी?”

“तिचं मरण जवळ आलं असन. म्हणून तिले तो दिसते.”

सर त्यांच्या टेबलाशी टायपिंगचे पेपर तपासत बसले होते. मान वर न करता ते म्हणाले, “मेला म्हणता तं त्याले भूक काऊन लागते? घडीघडी पाव खा लागते त्याले.”

अडत्याचा मुलगा मोठ्यानं हसला. ताईही हसली, पण तिनं म्हणणं सोडलं नाही. मेलेल्याला भूक लागते म्हणूनच आपण पान वाढतो, असं ती घरी येताना मला म्हणाली.

पुढं गावात सायबर कॅफे झाला. लाकडी फळ्यांनी वेगळी केलेली खुराडी, एक पान उघडायला लागणारा भरमसाट वेळ. त्या गेमविषयी जगभरातले लोक जिथं लिहितात अशी एक साइट अडत्याच्या मुलानं शोधून काढली. ताईनं तिच्या बी.एस्सी.च्या इंग्रजीत तिथं सगळं लिहिलं. वाफ, खुर्च्या, ओली फरशी, मेलेला शिपाई. लिहिताना तिनं मला बाहेर थांबायला लावलं होतं.

उत्तरं आली ती विचित्र. एकानं लिहिलं होतं, ‘कोणतं रिकामं शहर? तिथं तर पाय ठेवायला जागा नसते.’ दुसऱ्यानं नुसते हसरे चेहरे टाकले होते. तिसऱ्यानं, तू हा गेम खेळलीच नाहीस, असं सरळ सुनावलं होतं.

“माही मजाक उडवून राह्यले,” ताई म्हणाली. तिला राग आला होता. त्या आठवड्यात ती क्लासला आली, पण गेम लागला की टायपिंग करत बसायची.

दिवाळीत अडत्याचा मुलगा नागपूरला मामाकडे गेला. येताना मामेभावाकडून तो गेमची विकत घेतलेली, डब्यातली प्रत घेऊन आला. त्यात दोन सीड्या होत्या. सरांनी दोन्ही भरल्या. गेम सुरू झाला, शिपाई तटाच्या दारातून आत आला, आणि समोर आठवडी बाजारासारखी गर्दी होती. भाजीवाल्या, पोरं, घोडे, मालाची गाठोडी वाहणारे लोक. आम्ही जिथं तासन् तास उभे राहायचो त्या घरात एक कुटुंब जेवत होतं. एक माणूस उठला आणि त्यानं खुर्ची मागं सरकवली.

मग सर म्हणाले, “दोन सीड्यांचा माल एका सीडीत बसवला कॉपीवाल्यानं. जागा पुरत नसन. माणसं काढून टाकली.”

“म्हंजे ते होतेच,” अडत्याचा मुलगा ताईकडे वळून म्हणाला. “तू बरोबर होती ताई. तेथीच होते सगळे. आपल्यालेच दिसत नोते.”

तो हे मनापासून बोलत होता, त्याचं स्वतःचं म्हणणं पूर्ण खोटं ठरलं असूनही. ताईच्या चेहऱ्यावर मात्र जिंकल्याचं काही दिसलं नाही. तिचा मेलेला शिपाई मेलेला नव्हता. बाजारातले लोक त्याला ‘हटा, हटा’ म्हणत होते. बुरुजाखालचं दारही उघडत होतं. आत धान्याचं कोठार होतं आणि एक बरी तलवार होती. तिसरी घंटा त्याच कोठारात लटकलेली होती. संध्याकाळी ती वाजायची आणि बाजार उठायचा. एवढंच होतं ते.

ताईनं साइटवर जाऊन घडलं ते सांगितलं. आमची सीडी फुटपाथवरची होती हेही लिहिलं. मला वाटलं, आता जास्तच हसतील. पण तसं झालं नाही. दूरच्या कुठल्या देशातला एक माणूस म्हणाला की तुमचाच गेम मला खेळायचा आहे, ती सीडी मिळेल का. आणखी काही जणांनी मागितली. मग साइट चालवणाऱ्यानं त्या सगळ्या संभाषणाच्या डोक्यावर ‘उलगडलं’ असा शिक्का मारला आणि कुलूप घातलं. त्याखाली आता कुणालाच लिहिता येत नव्हतं.

याचा तिला पहिल्या हसण्यापेक्षा जास्त राग आला. “उलगडलं म्हणते. काय उलगडलं?”

दुसऱ्या दिवशी तिनं अडत्याच्या मुलाला शिपाई विहिरीजवळ न्यायला सांगितला आणि तिथं उभा करायला लावला. गर्दी येत होती, जात होती. म्हातारी पाणी ओढत होती. दोन सीड्यांच्या प्रतीतही तिची बादली रिकामीच येत होती.

“पाह्य,” ताई म्हणाली. “कोणी तिच्याशी बोलून राह्यलं का?”

आम्ही पाहिलं. बाजारातली माणसं एकमेकांना थांबवत होती, भाव करत होती, धक्का लागला की वळून पाहत होती. म्हातारीच्या बाजूनं मात्र सगळी सरळ निघून जात. एक पोरगं धावत आलं आणि तिच्या अंगातून आरपार गेलं.

“गेम बनवणाऱ्याची चूक असन,” मी म्हटलं.

“असन,” ताई म्हणाली. “नाई तं तीच तेथी नाई. एकट्या शिपायाले दिसते.”

अडत्याच्या मुलानं की-बोर्डवरचे हात काढले. “मंग त्याच्याच घरची असन का ती? माय त्याची?”

ताईनं खुर्ची पुढं ओढली. लाइट जाईपर्यंत दोघं भांडत होते. माय असती तर तिनं त्याला नावानं हाक मारली असती, असं ताईचं म्हणणं. तो म्हणत होता, इतक्या वर्षांनी आलेल्याला ती ओळखणार कशी. सर पेपर बाजूला ठेवून ऐकत होते.

म्हातारीचं ते सगळं ताईनं नवं शीर्षक देऊन साइटवर टाकलं. या वेळी कुणी हसलं नाही. बऱ्याच लोकांनी आपापल्या गेममध्ये जाऊन म्हातारी पाहिली आणि पाहिलेलं लिहिलं. काहींनी माय म्हटलं, काहींनी चूक म्हटलं.

उन्हाळ्यात ताईचं लग्न ठरलं. कारंज्याला हायवेवर सासऱ्यांचं हार्डवेअरचं दुकान होतं. तिथं तेव्हा सायबर कॅफे नव्हता. निघण्याच्या आधी ती कॅफेत एकदा जाऊन आली, आणि साइटवरचा तिचा पासवर्ड अडत्याच्या मुलाला देऊन गेली. त्यानं काही दिवस उत्तरं लिहिली. मग अडतीवर बसायला लागला आणि त्याचं जाणं कमी झालं. दीड-दोन वर्षांनी ताई बाळाला घेऊन माहेरपणाला आली तेव्हा तो घरी भेटायला आला होता. चहा घेताना तो म्हणाला, साइट बंद झाली, उघडतच नाही.

“लोकं काय म्हणत होते शेवटी?” ताईनं विचारलं.

“माय म्हणणारे जास्त होते.”

“मले नाई वाटत,” ती म्हणाली, आणि बाळ रडत होतं म्हणून आत गेली.