होडीची तहान

"ओता! अजून ओता! तहान होडीला लागलीय, तुम्हाला नाय!"

आत्या ओरडत होती आणि वरळी कोळीवाड्यातली आमची अख्खी गल्ली हंडे, कळश्या, बादल्या घेऊन समुद्रापासून आमच्या दारापर्यंत रांगेत उभी होती. दारात होडी, होडीत खारं पाणी, आणि फळ्यांच्या फटींतून तेच पाणी थेट आमच्या उंबऱ्यावर. त्या सकाळी आम्ही अर्धा अरबी समुद्र होडीत ओतला आणि तो सगळा गल्लीतून चालत आपल्या घरी परत गेला. वाटेत दोन खेकडे तक्रार करायला आमच्या दाराशी थांबले होते. हे मी डोळ्यांनी पाहिलंय.

होडी बाबांची. आजोबांनी जाताना ती त्यांच्या हाती दिली. पण बाबा परळच्या गिरणीत साच्यावर, म्हणजे मागावर, लागले आणि होडी दारात पालथी पडली. पावसाळा सरला की एखाद्या रविवारी बाबा तिला पाण्यात घालायचे, पुढे तेही सुटलं. नारळी पौर्णिमेला तिच्यापुढे नारळ फुटायचा, आणि बाकीचं वर्ष तिच्याखाली आमच्या कोंबड्या राज्य करायच्या. फळ्या इतक्या सुकल्या होत्या की एका फटीतून पाहिलं तर पलीकडे माहीम दिसायचं, आणि दुसरीतून माहीममधलं कोण जेवायला बसलंय तेही.

आईला त्या जागी पडवी हवी होती. एका खोलीत आम्ही सहा जणं. मॅट्रिकचा सगळा अभ्यास मी होडीच्या पाठीवर पुस्तक ठेवून केला होता आणि आता निकालाची वाट बघत होते. आईचं काहीच चुकत नव्हतं. तिनेच माहीमचं गिऱ्हाईक शोधलं आणि बाबा 'बरं' म्हणाले. म्हणाले म्हणजे ओरडले. गिरणीच्या खडखडाटात जन्म गेल्यामुळे बाबा मीठसुद्धा ओरडूनच मागायचे.

आत्या बाबांची थोरली बहीण. नवरा गेल्यापासून आमच्यातच राहायची. रोज मासळीची पाटी डोक्यावर घेऊन दादरच्या बाजारात चालत जायची आणि चालतच परत यायची. बसचं तिकीट तिने जन्मात काढलं नव्हतं. काढावं कशाला? प्रभादेवीपर्यंत तीच बसच्या पुढे असायची, आणि मागून येणारा ड्रायव्हर अदबीने भोंगा वाजवायचा. बापाच्या त्या होडीत तिचा जीव होता हे आमच्या कोंबड्यांनाही ठाऊक होतं. पण होडी भावाची. 'विकू नको' म्हणायचा हक्क तिला नव्हता. म्हणून ती तसं म्हणालीच नाही.

ती एवढंच म्हणाली, "वीक. पण सुकी विकू नको. आपल्या घरातनं गळकी होडी गेली असं माहीमवाले म्हणतील."

मग होडीला पाणी पाजायचं ठरलं. लाकूड उन्हात आटतं आणि फळ्या भांडलेल्या जावांसारख्या एकमेकींपासून दूर सरकतात. पोटभर पाणी प्यायल्या की फुगतात आणि पुन्हा खेटून बसतात. होडी उताणी करून भरली, आणि पहिल्या दिवशी सगळं पाणी वाहून गेलं. दुसऱ्या दिवशी निम्मं राहिलं. तिसऱ्या दिवशी होडी काठोकाठ भरली आणि थेंब बाहेर येईना. गल्लीने हंडे खाली ठेवले. बाबा पाळीवरून आले, पिशवी खांद्यावर तशीच ठेवून होडीभोवती दोन फेऱ्या मारल्या, बोटाने फळीवर टकटक केलं.

"चांगली झाली गं बाय!" बाबा ओरडले.

"विकायला चांगलीच पायजे," आत्या म्हणाली.

गिऱ्हाइकाला बोलवायचा दिवसही तिनेच ठरवला. संयुक्त महाराष्ट्राचे दिवस होते. संध्याकाळी नाक्यावर पेपर मोठ्याने वाचला जायचा आणि ऐकायला सगळ्यांत पुढे आत्या. मोर्च्यात तिने 'झालाच पाहिजे' म्हटलं की शीवच्या किल्ल्यावरची कबुतरं उडायची. तेव्हा हरताळ कोणत्या दिवशी आहे हे तिला माहीत नव्हतं, असं कोणी म्हणू नये.

त्या सकाळी ट्राम नाही, बस नाही, गिरणीचा भोंगाही नाही. बाबा घरीच. म्हणाले, "आज कसला येतोय तो!"

"शब्द आजचा दिलाय. तो येत नाय तर आपण नेऊ."

"कशी?"

"होडी हाय ती. डोक्यावरनं नेऊ काय?"

लहानपणी बापाबरोबर वल्हं मारत खाडी पार केलेली ही बाई. पण किनाऱ्यावर आल्यावर म्हणाली, "बायकांनी वल्हं धरायचं नसतं," आणि पाटीसमोर बसावं तशी ऐसपैस बसली. वल्ही बाबांकडे. मला डबा दिला, आत आलेलं पाणी उपसायला. पहिले दहा हात बाबांनी असे मारले की होडी माहीमऐवजी आफ्रिकेकडे निघाली. मग त्यांच्या खांद्यांना काहीतरी आठवलं. वल्हं बुडायचं, निघायचं, आवाज नाही. मी डबा मांडीवर घेऊन बेकार बसले होते. मध्यावर बाबा हळूच म्हणाले, "बाय, वारा फिरला."

हळूच! बाबांना हळू बोलताना मी तेव्हा पहिल्यांदा ऐकलं. आत्याने फक्त पदर सावरला.

माहीमचं गिऱ्हाईक म्हणजे एक म्हातारा. त्याने होडी वाकून पाहिली, माझा डबा उलटा केला. कोरडा ठणठणीत. "माझ्या घरातसुद्धा एवढं सुकं नसतं," तो म्हणाला. "ठेवा इथंच. माझी झाली."

बाबांनी होकाराची मान हलवली, पण वल्हं काही हातातून खाली ठेवलं नाही.

"मंग आपण जायचं कसं रे?" आत्याने आभाळाकडे बघत विचारलं.

"हो ना, जायचं कसं!" बाबा इतक्या घाईने म्हणाले की म्हाताऱ्याने आधी त्यांच्याकडे पाहिलं, मग आत्याकडे, मग पुन्हा वल्ह्याकडे. त्याचेही केस समुद्रावरच पिकले होते.

"घेऊन जा," तो हसला. "बशी सुरू झाल्या की या."

उन्हं कलताना आम्ही परत आलो. गल्लीतल्या आठ खांद्यांवरून होडी दाराशी पोचली. तिथे आईने जागा झाडून, शेण सारवून, चुन्याने पडवीच्या रेघाही मारून ठेवल्या होत्या. होडी बघून तिने कंबरेवर हात ठेवले.

"वन्सं! विकायला नेली होती ना? मग ही परत कशी आली?"

बाबा वल्ह्याला कुठे चीर गेलीय का ते बारकाईने बघू लागले. आत्याने लुगड्याचा ओला काठ पिळला.

"बस बंद होती," ती म्हणाली.