खुशालरावची लाल बंडी

खुशालराव माळ्याचा मळा आमच्या बांधाले लागून. निम्म्यात मोगरा-शेवंती, निम्म्यात वांगे-मिरच्या. तिवस्याच्या बाजारात त्याचं वांगं हातोहात जाये, पन मानूस भल्ला येडा. त्याले रोज चिडवल्याबिगर मले भाकर गोड लागत नसे, आन माझं ऐकल्याबिगर त्याले.

येडा कसा, ते सांगते. एकदा तो डाकबंगल्यावर हार द्यायले गेला. तिथं जंगलखात्याच्या कोन्या गोऱ्या साहेबाची मोटार उभी. तिच्या पोटात पलंग, पलंगाखाली पेट्या, मांगच्या बाजूले शेगडी. साहेब आन मडम चिखलदऱ्याले चालले होते. वाटेल तिथं थांबायचं, तिथंच रांधायचं, तिथंच निजायचं. खुशालराव घरी आला तं हार त्याच्या हातातच.

म्हने, "वयनी, ते लोक घरच संगं घेऊन फिरून राहिले."

मी म्हटलं, "तुमी बी फिरा की मंग. मोटार नाई तं बैल हायेत. बैलाले पेट्रोल नाई लागत, दोन शिव्या देल्या की चालते."

मी चेष्टा केली, त्यानं मनावर घेतलं.

मनावर घेतलं ते जयवंतापायी. जयवंता त्याची बायको. लग्नाले वीस वर्षं, लेकरू नाई. सारा जन्म खुरपन्यात आन पानी देन्यात गेला. धामणगाव एवढं जवळ, पन बाईनं आगगाडी पाहिली नव्हती. गावात कोनाचं डोहाळजेवन असलं की तिले बोलावनं येये, ते भांडे घासायले. ओट्या भरतानी सगळ्याइच्या भरत, आन तिच्यापाशी आलं की ताट पुढं सरके. ताट सरकवनाऱ्याइत मी बी होती, खोटं कावून सांगू? खुशालराव ओसरीवरून पाहे. या गावाबाहेर हिले काई तरी चांगलं दाखवायचं, एवढंच त्याच्या मनात बसलं.

दीड वर्ष तो बंडीवर, म्हंजे बैलगाडीवर, घर बांधत होता. तट्ट्याच्या भिंती, वर ताडपत्री, आत बाज, बाजेखाली बियान्याच्या थैल्या. मांगं चूल, डब्यात तुळस. रंगाचा एकच डबा मिळाला, तो लाल. पडदा केला जयवंताच्या लग्नातल्या हिरव्या लुगड्याचा. फुलमाळीच तो, चारी बाजूले झेंडूच्या माळा लावल्या. माशा नको म्हून कडूनिंबाचे डहाळे खोचले. नजर नको म्हून लिंबू-मिरच्या मी माझ्या हातानं बांधल्या.

आन बांधून झाल्यावर म्हटलं, "भाऊजी, हा तं मरीमायचा गाडा दिसून राहिला."

सगळे हसले. जयवंता सगळ्यात जास्ती.

पटकीची साथ आली की मरीमायचा गाडा काढत, हे आमाले पाळन्यापासून ठाऊक. लाल गाडी, फुलं, लिंबं, हिरवा खन. आत मरीमाय बसवायची, तिची ओटी भरायची आन गाडा शिवेबाहेर लोटून द्यायचा. रोग तिच्यासंगं जाते. पुढच्या गावानं तो आनखी पुढं लोटायचा. गाड्यासंगं बोलायचं नाई, पडद्याआड डोकवायचं नाई, लोटल्यावर मांगं वळून पाहायचं नाई.

पौषात ते निघाले. दिवसाले दोन-तीन कोस. जिथं बाजार, तिथं मुक्काम. तो बियानं इके, ते भाकरी थापे. धामणगावच्या फाटकापाशी जयवंतानं तीन दिवस बंडी हलूच देली नाई. फाटकवाल्यानं इचारलं, बाई, कोनाची वाट पाहून राहिली? तं म्हने, कोनाची नाई बापू, गाडीच पाहून राहिली. मंग अमरावती, बडनेरा, मूर्तिजापूर. अकोल्याहून कोनाच्या तरी हातानं मले कार्ड लिवलं. जयवंता जाडी झाली म्हने, गाने म्हनते. आता आखाजीच्या सनाले तिच्या भावाकडं जातो.

तिचा भाऊ देवीदास दर्यापूरच्या अलीकडं राहे. अकोल्याहून तिकडं जायचं म्हंजे सारा खारपानपट्टा. विहिरीचं पानी खारं, बैलही तोंड लावून सोडते. गोड पानी असलंच तं गावात एखाद्या विहिरीले. वैशाखाचे दिवस. आन पूर्णेच्या काठानं त्या साली पटकी पेटली होती, हे या दोघाइले ठाऊक नाई.

दुसऱ्या मुक्कामाले जयवंताले उलटी-जुलाब लागले. सकाळवरी मडकं रिकामं.

पहिल्या गावाच्या शिवेवर मानसं उभेच होते. खुशालरावनं पानी मांगितलं. कोनी बोलेना. बाया पुढं आल्या, चाकावर लिंबं कापले, बंडीले हळद-कुंकू फासलं. नजर खाली घालून पडद्यातून हात आत घातले आन जयवंताची ओटी भरली. मंग वीस गड्याइनं खांदा लावला, दोघाइनं बैलाच्या येसनी धरल्या, बंडी गावाच्या दुसऱ्या शिवेपार नेली. पाठ फिरवली ते फिरवलीच. लोकं येडे झाले का, हेच त्याले उमगेना. मंग त्याले त्या लिंबू-मिरच्या दिसल्या, आन माझं बोलनं आठवलं.

त्यानं समदं तोडून फेकलं. माळा, डहाळे, लिंबं. पन हळद-कुंकू लाकडात मुरलं होतं, आन गाडा येऊन राहिला ही खबर बैलाच्या पुढं पळत होती.

दुसऱ्या गावात तो ओरडला, मी तिवस्याकडचा माळी हावो, आत माझी बायको बिमार हाये. लोकाइले वाटलं भगताच्या अंगात आलं. एक म्हतारा रडत रडत त्याच्या पाया पडला, आन उठून त्यानंही बंडीले खांदा लावला.

ओटीत काय? तांदूळ, हळकुंडं, सुपाऱ्या, खोबऱ्याच्या वाट्या. समदं कोरडं.

जयवंताचे डोळे खोल गेले होते, तरी ते हसली. म्हने, "गावातल्या बायाइले सांगजा, जयवंताची ओटी गावोगाव भरली म्हना. कोन्याच गावानं ताट सरकवलं नाई."

तिसरं गाव देवीदासचं.

तो शिवेवर मानसाइत उभा होता. त्याचा लेक आदल्या दिवशी पटकीनं गेल्ता. खुशालराव त्याच्यापाशी गेला, हळूच बोलला.

"देवीदास, आत तुही बहीन हाये. घोटभर पानी दे."

देवीदासनं पडद्याकडं पाहिलं. पडद्याचं लुगडं त्यानंच लग्नात देल्तं. मांगं सारं गाव उभं. त्यानं हात जोडले, घराकडं गेला, बाया ओटी भरेवरी परतला आन चाकाले खांदा लावला. शिवेपार गेल्यावर समदे फिरले, तोही फिरला. मांगं पाहिलं नाई.

खुशालराव आत शिरला तं मांगच्या चुलीवर तांब्याचा लोटा, ओल्या फडक्यानं झाकलेला. गोड पानी, काठोकाठ. त्यानं लोटा जयवंताच्या ओठाले लावला. पानी गालावरून खाली ओटीत गेलं. तांदूळ भिजले.

नदीकाठी चितेले लाकूड कोन देनार? बंडीचंच लाकूड केलं. जेठात मानूस घरी आला तो दोन बैल आन लोटा घेऊन. हे समदं त्यानं मले बांधावर बसून एकदाच सांगतलं. शेवटी म्हने, "वयनी, तुमी म्हटल्तं तसंच झालं." राग नाई, काई नाई. राग केला असता तं मले बरं वाटलं असतं.

दोन सालानं आमच्याकडं गाडा आला. आमी समद्या ताट घेऊन शिवेवर उभ्या. खुशालराव तोच लोटा भरून आला, सीधा गाड्यापाशी गेला आन पडदा वर केला. महादेवराव पाटील धावले. हा म्हने, "थांबा पाटील. आत कोन हाये ते पाहू द्या."

आत लाकडाची मरीमाय, लिंबं, खन. त्यानं बाहुलीच्या तोंडाले हात लावून पाहिला. "कोनी नाई," म्हने, "लोटून द्या आता गाडा."

त्या साली गावात सात मानसं गेले. साताइचं पाप लोकाइनं त्याच्या माथी मारलं. बाजारात त्याचं वांगं कोनी घेये ना, देवळात त्याचं फूल चालेना. मी त्याले चिडवनं सोडलं, तं तोही बांधावर येनं सोडून बसला. पन गाडा आला की हा लोटा घेऊन हजर. दरवेळी मार खाये, दरवेळी पाहे.

परसाल गाडा आला तवा त्याच्या दोन्ही डोळ्यात मोतीबिंदू. बांधाबांधानं चाचपत आला. पडदा वर केला, पन दिसते कुठं? लोटा छातीशी धरून तो बायाइच्या घोळक्याकडं वळला.

"वयनी हायेत का इथं?"

मी बोलली नाई. गाड्यापाशी बोलत नसते.

"वयनी, तुमी पाहून सांगा. आत कोन हाये?"

समद्या बाया माझ्याकडं पाहून राहिल्या होत्या. मी ताट खाली ठेवलं आन वाकून आत पाहिलं.