टाकून द्या

गोडादऱ्याच्या कामगारवस्तीत माझ्या खोलीत राहणाऱ्या धुळ्याच्या भाऊंशी भांडलेला नाही, असा संगणकवाला पृथ्वीच्या पाठीवर सापडायचा नाही. पोटासाठी ते एका भरतकाम कारखान्यात साड्यांची डिझाइनं करतात. पण जीव अडकलाय तो एका फुकट मिळणाऱ्या संगणकप्रणालीत. जगभरची हौशी माणसं ती मिळून बनवतात आणि मिळून भांडतात. कुणी पडद्यावरची खालची पट्टी वर नेली, की भाऊंचा चहा थंड. "उद्या मोरी छताला टांगाल!" असं त्यांनी जर्मनीतल्या एकाला कळवलं, तेही मराठीत, इंग्रजीत त्यांना चिडता येत नाही. खिडक्यांचे कोपरे गोल हवेत की चौकोनी, यावरून ब्राझीलच्या एका माणसाशी त्यांचा दीड महिना अबोला होता. दिवाळीच्या पहिल्या शुभेच्छा मात्र त्यालाच गेल्या.

मी आठवीतून शाळा सोडून आलेला. भाऊंनीच शेठकडे शब्द टाकला, माऊस धरायला शिकवलं. एकदा दिवसभर खपून त्यांनी पदराचा मोर काढला, तोही एकदाही न साठवता, ही त्यांची जुनी खोड. "मी चहा पिऊन येतो, तू एवढं मशीनमध्ये टाक," म्हणाले. त्याआधी मी घाबरत पडद्यावरची खिडकी बंद करायला गेलो, तर भाऊंच्या त्या फुकट प्रणालीची तीन मराठी बटणं समोर: जतन करा, रद्द करा, टाकून द्या. जतन तर आपण सत्कारात मिळालेली शाल करतो. रद्द म्हणजे आमच्याकडे डागी माल. आणि डिझाइन मशीनला टाकतातच! मी बिनधास्त 'टाकून द्या' दाबलं. मोर उडाला.

"आने गाम भेगो करो!" शेठ ओरडले. म्हणजे माझी गावी रवानगी. मला रडू फुटलं.

"शेठ, चूक याची नाही, शब्दाची आहे," भाऊ म्हणाले आणि संध्याकाळपर्यंत आठवून आठवून तोच मोर परत काढला. वर मला हळूच, "रडू नको रे. यामा तुना काय दोष शे?"

मग भाऊंनी प्रणालीच्या मंडळींना त्या बटणाबद्दल पत्र लिहिलं आणि सुरू झालं महायुद्ध. तिथले मराठी शब्द सांभाळणाऱ्या पुण्याच्या एक ताई. त्यांनी लिहिलं, "प्रमाण मराठीत हेच बरोबर आहे." भाऊंनी लिहिलं, "ताई, तुमची भाषा प्रमाण, पण आमचा मोर मेला!" इथवर ठीक होतं. पुढे ते ताईंच्या व्याकरणावरून थेट माहेरावर घसरले आणि मंडळींनी त्यांना कायमचं बाहेर काढलं.

दोन महिन्यांनी बटण बदललं: 'न साठवता बंद करा'. बदल ताईंनीच केला होता. खाली आभारांत भाऊंचं नाव नव्हतं, माझं होतं. पहिल्याच पत्रात भाऊंनी लिहून ठेवलं होतं, चूक शोधणारा म्हणून.

आताही एखादा शब्द खुपला, की भाऊंची बोटं टाइप करू लागतात आणि बंदी आठवून मध्येच थांबतात. "तूच लिही," म्हणतात. ते सांगतात, मी राग गाळून लिहितो. परवा मी भीतभीत विचारलं, "शेवटी ताईंना नमस्कार लिहू?"

भाऊंनी थंड झालेला चहा एका घोटात संपवला.

"लिही," म्हणाले. "पण माझा आहे म्हणून सांगू नको."